किनारी पर्यटनस्थळांवरील वाहनतळ शुल्क (महाराष्ट्र)

किनारी पर्यटनस्थळांवरील वाहनतळ शुल्क म्हणजे समुद्रकिनारा, खाडीमुख, सागरी किल्ला किंवा किनाऱ्यालगतचे देवस्थान पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकांकडून वाहन उभे करण्याच्या जागेबद्दल घेतली जाणारी रक्कम होय. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीची किनारपट्टी लाभली असून ती पालघर जिल्ह्यापासून सिंधुदुर्ग जिल्ह्यापर्यंत पसरलेली आहे. या पट्ट्यातील अलिबाग, वरसोली, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, कर्दे, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, मालवण आणि वेंगुर्ला ही ठिकाणे शनिवार-रविवारी व जोडून आलेल्या सुट्ट्यांत वाहनांनी भरून जातात. अशा वेळी गाडी कोठे उभी करावी, त्याचे पैसे कोणी घ्यावेत आणि ते कोठे खर्च व्हावेत, हे तीन प्रश्न किनाऱ्यावरील जवळजवळ प्रत्येक गावात उभे राहतात. वरवर पाहता हा दहा-वीस रुपयांच्या पावतीचा विषय वाटतो. परंतु त्यात सार्वजनिक जागेवरील हक्क, ग्रामपंचायतीचे उत्पन्न, किनाऱ्यावरील जीवरक्षकांची व्यवस्था आणि समुद्राकडे जाण्याची सर्वांना असलेली मोकळीक या बाबी गुंतलेल्या आहेत.

संज्ञा

'तळ' या शब्दाचा जुना अर्थ मुक्कामाची किंवा उतरण्याची जागा असा आहे. 'गाडीतळ' म्हणजे बैलगाड्या सोडण्याची जागा. पुण्याजवळील हडपसर येथे हे नाव आजही वापरात आहे. 'विमानतळ', 'वाहनतळ' हे नंतरचे शब्द त्याच वळणाने घडले. बोलण्यात मात्र सर्वत्र 'पार्किंग' हाच शब्द रूढ असून पावतीवरही तोच आढळतो.

प्रत्यक्षात या रकमेला एकच नाव नाही. कोठे 'पार्किंग फी', कोठे 'पर्यटन कर', कोठे 'स्वच्छता कर', कोठे 'विकास निधी' असे शब्द छापलेले असतात. वन विभागाच्या हद्दीत 'उपद्रव शुल्क' असा शब्दप्रयोगही आहे. पैसे देणाऱ्याला ही नावे सारखीच वाटतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. कर हा सार्वजनिक खर्चासाठी घेतला जातो व त्याच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळालीच पाहिजे असे नसते. शुल्क हे दिलेल्या सेवेशी किंवा सोयीशी जोडलेले असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सविस्तर मांडला. (हे शिरूर पुणे जिल्ह्यातील नव्हे, उडुपीच्या अष्टमठांपैकी एका मठाचे ते नाव आहे.) पुढील निकालांत सेवा व शुल्क यांचे नाते पैशापैशाने जुळले पाहिजे ही अपेक्षा सैल झाली, तरी काहीएक नाते असावे हा विचार टिकून राहिला. त्यामुळे गावाच्या वेशीवर दोरी बांधून प्रत्येक गाडी अडवणे आणि आखलेल्या जागेत गाडी लावणाऱ्याकडून पैसे घेणे या दोन गोष्टी एकाच नावाखाली चालत असल्या तरी त्या एक नव्हेत.

पार्श्वभूमी

कोकणातील किनाऱ्यावरची गावे वाहनांसाठी वसलेली नाहीत. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी पाखाडी माणसांच्या, फार तर बैलगाडीच्या मापाची असते. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे सुरूचे बन किंवा वाळूच्या टेकड्या आणि मग पुळण, अशी गावांची सर्वसाधारण रचना असते. पर्यटक एसटीने येत होते तोवर ही रचना पुरेशी होती, कारण पन्नास माणसे उतरवून बस परत जात असे.

परिस्थिती टप्प्याटप्प्याने बदलली. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी सुरू झाला. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली; दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांमधील लांबचा वळसा त्यामुळे टळला. मार्च २०२० मध्ये मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकराची गाडी थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यावर रायगडचा किनारा मुंबईला आणखी जवळ आला. पुण्याकडील पर्यटक ताम्हिणी घाटाने दिवेआगर-श्रीवर्धनकडे उतरतात. यांपैकी प्रत्येक सोयीने किनाऱ्यापर्यंतचा प्रवास सोपा केला. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर गाडीचे काय करायचे हा प्रश्न मात्र त्या त्या गावावर सोपवला गेला.

जागेचे गणित

एक मोटारगाडी उभी करण्यासाठी साधारण १२ ते १३ चौरस मीटर जागा लागते. आत-बाहेर करण्याची वाट धरल्यास ती दुप्पट होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर; म्हणजे एका गुंठ्यात वाटेसह चार गाड्या बसतात आणि चाळीस गुंठ्यांच्या एका एकरात सुमारे एकशे साठ. कोकणात सपाट जमीन मुळातच थोडी आणि तीही वंशपरंपरेने अनेक हिश्श्यांत विभागलेली असते. दहा गुंठ्यांच्या मोकळ्या तुकड्यात चाळीस गाड्या मावतात. गाडीमागे ५० रुपये दर आणि दिवसातून दोन फेऱ्या धरल्या तर सुट्टीच्या एका दिवसाचे उत्पन्न ४,००० रुपये होते. हे केवळ उदाहरणादाखलचे गणित आहे, पण वाडीचा दर्शनी भाग साफ करून 'येथे पार्किंगची सोय आहे' असा फलक लावण्याकडे कल का वाढतो, हे त्यावरून समजते. पावसाळ्यात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत तीच जागा रिकामी असते. त्यामुळे केवळ गाड्यांसाठी कायमची मोठी जागा विकत घेणे लहान ग्रामपंचायतीला परवडत नाही.

वाहनतळाच्या किमतीविषयीचा व्यापक विचार अमेरिकेत प्रथम झाला. ओक्लाहोमा सिटी येथे १६ जुलै १९३५ रोजी जगातील पहिले पार्किंग मीटर बसवण्यात आले. दुकानांसमोर दिवसभर अडून राहणाऱ्या गाड्या हलाव्यात हा त्यामागील हेतू होता. डोनाल्ड शूप या अर्थतज्ज्ञाने २००५ मधील आपल्या ग्रंथात, फुकट वाहनतळाचा खर्च कोणी ना कोणी सोसतच असतो आणि बहुधा तो गाडी नसलेला माणूस सोसतो, असे प्रतिपादन केले. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही वाहनतळाच्या शुल्कात व्यापलेल्या जमिनीचे मूल्य प्रतिबिंबित व्हावे असा विचार आहे. मात्र हे धोरण शहरांसाठी आहे. किनाऱ्यावरील खेड्यांना ते लागू होत नाही.

वाळूवरील वाहने

वाहनतळाची सोय नसेल किंवा शुल्क टाळायचे असेल, तर अनेक चालक गाडी सरळ पुळणीवर नेतात. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट आणि रस्त्यासारखी दिसते. भरती-ओहोटीचे चक्र साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांचे असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. ज्या जागी काल संध्याकाळी पाणी आले नव्हते, तेथे आज येऊ शकते. वाळूत रुतलेली आणि लाटांत अर्धी बुडालेली गाडी दोरखंड लावून ओढणारे गावकरी हे दृश्य म्हणूनच दरवर्षी कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यावर दिसते.

पर्यावरणाची हानी याहून अधिक टिकाऊ असते. मंडणगड तालुक्यातील वेळास तसेच दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या सहकार्याने २००२ पासून संवर्धनाचे काम केले आणि वेळास 'कासवांचे गाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. मादी अंडी भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत घालते, आणि गाड्याही नेमक्या त्याच पट्ट्यातून धावतात. चाकांनी वाळू दाबली गेली की खेकड्यांची बिळे नष्ट होतात, तसेच वाळूच्या टेकड्या बांधून ठेवणाऱ्या वेलीही तुटतात. सुरूच्या बनात सावलीला गाड्या लावण्याची पद्धतही जुनी आहे. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात असंख्य सुरू, नारळ आणि पोफळी उन्मळून पडल्या. त्या पट्ट्यात पुन्हा झाडे लावायची की मोकळी झालेली जागा गाड्यांना द्यायची, हा प्रश्न तेव्हापासून अधिक धारदार झाला आहे.

कायदेशीर चौकट

शुल्क कोणाला घेता येते याचे उत्तर जागा कोणाची आहे यावर अवलंबून असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, तसेच भरतीरेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणारी वाळू ना ग्रामपंचायतीची, ना लगतच्या वाडीमालकाची. तिच्यावर गाडी लावू देऊन पावती फाडणे हे, इतर कोणताही नियम बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या जागेचे भाडे घेण्यासारखे आहे. किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनांनी (१९९१, २०११ आणि १८ जानेवारी २०१९) या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध घातले आहेत. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांमधील भाग तसेच वाळूच्या टेकड्या यांना त्यांत विशेष संरक्षण आहे. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा सामान्यतः ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणण्याची तरतूद केली. त्यामुळे किनाऱ्याला लागून पक्क्या बांधणीचा वाहनतळ उभारणे अवघड असते आणि तो थोडा आत, गावठाणाच्या बाजूला असणेच कायद्याला व निसर्गाला धरून होते.

ग्रामपंचायतीचे अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातून येतात. त्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीने बसवायच्या कर व फींची यादी आहे. ती वाचताना एका वेगळ्याच काळाचे चित्र उभे राहते. तिच्यात यात्रा कर आहे, जत्रा-उत्सवांवरील कर आहे, बाजाराची फी आहे, गुरे चारण्याची फी आहे. सायकली आणि जनावरांनी ओढल्या जाणाऱ्या वाहनांवर कर आहे. इतकेच नव्हे तर गाडीतळ आणि टांगातळ यांवरील फीसुद्धा आहे. मोटारगाडीच्या तळाचा स्पष्ट उल्लेख मात्र १९५८ च्या या मूळ यादीत नाही. टांगे गेले, तळ राहिला. आणि आजची ग्रामपंचायत या जुन्या शब्दांच्या, सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या वापराबद्दलच्या फीच्या किंवा स्वतःच्या मालकीच्या जागेच्या भाड्याच्या आधाराने पावती फाडते. कर किंवा फी बसवण्याची कार्यपद्धती १९६० च्या कर व फी नियमांत दिली आहे. ठराव, दराची प्रसिद्धी, हरकती मागवणे आणि नंतर अंतिम आकारणी असा तिचा क्रम आहे. हा क्रम पाळला नसेल तर पुढे सगळी वसुली वादात सापडू शकते.

संविधानाच्या अनुसूचींमध्येही हाच फरक दिसतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सुविधा यांचा एकत्रित उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय असून त्यांत बाजार व जत्रा, रस्ते, मत्स्यव्यवसाय, ग्रंथालये हे विषय आहेत. वाहनतळ नाही आणि पर्यटनही नाही. अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला येथील नगरपरिषदा आणि गुहागरसारख्या नगरपंचायती यांची बाजू या बाबतीत लगतच्या ग्रामपंचायतींपेक्षा भक्कम ठरते ती यामुळे. गर्दी मात्र हद्द पाहून येत नाही. अलिबागच्या किनाऱ्याला लागूनच वरसोली ग्रामपंचायतीचा किनारा सुरू होतो. पर्यटकाच्या लेखी ते एकच 'अलिबाग' असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११७ राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला, स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून, वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार देते. धोकादायक रीतीने सोडलेल्या वाहनाबद्दल कलम १२२ आणि अशी वाहने हटवण्याबद्दल कलम १२७ आहे. दंड आकारण्याचा हा अधिकार पोलीस व परिवहन यंत्रणेचा आहे. ग्रामपंचायतीने नेमलेला तरुण चुकीच्या जागी लावलेल्या गाडीबद्दल दंड घेऊ शकत नाही, तो केवळ ठरलेल्या जागेचे शुल्क घेऊ शकतो. किनाऱ्यावरील बाचाबाची बहुधा हाच फरक दोन्ही पक्षांना ठाऊक नसल्यामुळे होते.

वसुलीच्या पद्धती

वसुली मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात ग्रामपंचायतीचे कर्मचारी किंवा गावातील महिला बचत गट पावती देऊन पैसे घेतात. दुसऱ्या प्रकारात वर्षाचा किंवा हंगामाचा ठेका लिलावाने दिला जातो. तिसरा प्रकार खासगी वाडीमालकांचा. ठेक्यामुळे ग्रामपंचायतीला ठरावीक रक्कम आधीच मिळते आणि रोजच्या वसुलीची कटकट टळते. परंतु ठेकेदाराचा नफा जास्तीत जास्त गाड्या घेण्यात असतो. तळ भरल्यावर 'आता जागा नाही' असे सांगण्याचे त्याला कारण उरत नाही. गाव स्वतः वसुली करत असेल तर गाड्यांची मर्यादा पाळण्याचा निर्णय निदान ग्रामसभेच्या हाती राहतो.

ग्रामपंचायतीची पावती ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तिच्यावरील नमुना क्रमांक. लेखासंहितेनुसार कर व फीची पावती नमुना १० मध्ये आणि सामान्य पावती नमुना ७ मध्ये दिली जाते. पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक आणि ग्रामपंचायतीचे नाव नसलेली चिठ्ठी ही गावाच्या हिशेबात जमा होईलच असे नाही. जमा झालेली रक्कम अधिनियमाच्या कलम ५७ खालील ग्रामनिधीत जाते आणि तिचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार तो कोणाही नागरिकाला मागता येतो. पावती वाचण्याची सवय मात्र आपल्याकडे फारशी नाही.

वाद आणि मतभेद

शुल्काच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा, की किनाऱ्याचा खर्च गाव करते आणि लाभ पाहुणे घेतात. एका सुट्टीनंतर उरणारा कचरा, स्वच्छतागृहांचे पाणी, दिवे आणि विशेषतः जीवरक्षक यांचा भार हजार-दोन हजार वस्तीच्या गावाच्या घरपट्टीवर टाकणे न्याय्य नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे सहलीसाठी आलेले पुण्यातील १४ महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर किनाऱ्यांवर जीवरक्षक, मनोरे, धोक्याची निशाणे आणि भरतीच्या वेळांचे फलक असावेत ही मागणी जोराने पुढे आली. गोव्यात २००८ पासून राज्य शासनाच्या कंत्राटाद्वारे सर्व प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले जातात. महाराष्ट्रात हा भार मोठ्या प्रमाणात स्थानिक संस्थांवर पडतो. तेव्हा वाहनतळाच्या पैशातून जीवरक्षकाचे मानधन निघते का, हा प्रश्न हिशेबाचा असला तरी त्याचे उत्तर माणसाच्या प्राणांशी जोडलेले आहे.

विरोधकांचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. समुद्र सर्वांचा असताना त्याच्या वाटेवर पैसे का, हा त्यांचा पहिला आक्षेप आहे. दुसरा आक्षेप दुहेरी वसुलीचा: नाक्यावर एक पावती, तळावर दुसरी, किल्ल्यावर तिसरी. मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ला वायरी भूतनाथ ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो आणि तेथे येणाऱ्यांकडून ग्रामपंचायतीने घेतलेला कर हा शिवप्रेमी व ग्रामपंचायत यांच्यातील वादाचा विषय झाला होता. तिसरा आक्षेप सोयींविषयी आहे. पावती घेऊनही सावली नाही, पाणी नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, अशी तक्रार पर्यटक करतात. शुल्क आणि सेवा यांच्या नात्याविषयीचा वर सांगितलेला विचार येथे लागू पडतो.

स्थानिकांमध्येही एकमत नसते. ज्याची वाडी रस्त्याला लागून आहे त्याला गाड्या हव्या असतात. ज्याचे घर पाखाडीच्या टोकाला आहे त्याची वाट अडते आणि आजारी माणसाला न्यायला आलेली गाडी गर्दीत अडकते. मासळी उतरवण्याच्या जागेवर बर्फाचे आणि मासळीचे टेम्पो उभे राहतात. तेथे पर्यटकांच्या गाड्या लागल्या की कोळी समाजाच्या रोजीरोटीचाच खोळंबा होतो. म्हणून रहिवासी, मच्छीमारांची वाहने, दिव्यांगांची वाहने आणि रुग्णवाहिका यांना शुल्कातून वगळणे आणि त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्यावे लागते. शुल्क माफ आहे पण जागाच नाही, तर त्या माफीचा उपयोग नाही.

हॉटेले आणि जलक्रीडा चालवणारे यांची 'मोफत पार्किंग' ही आणखी एक बाब. जेवण घेतले किंवा बोटीची फेरी केली तर गाडी लावण्याचे पैसे नाहीत, असा हा व्यवहार असतो. येथे वाहनतळ हे गिऱ्हाईक मिळवण्याचे साधन बनते आणि जागेची किंमत जेवणाच्या किंवा फेरीच्या दरात मिसळली जाते.

राज्यातील इतर ठिकाणांशी तुलना

हाच व्यवहार समुद्रापासून दूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अधिक स्पष्ट दिसतो. नेवासा तालुक्यातील सोनई हे मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव शनिशिंगणापूरपासून अगदी जवळ आहे. शिर्डीहून राहुरीमार्गे शिंगणापूरला जाणारी वाहने सोनईतून जातात, तर अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरून येणारी घोडेगावला वळतात. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येला या रस्त्यांवर वाहनांची रीघ लागते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या जोड-ट्रॉल्या त्याच रस्त्यावर असतात. वाटेतच गाड्या अडवून भाविकांना ठरावीक दुकानाच्या वाहनतळाकडे नेणाऱ्या मध्यस्थांना परिसरात 'लटकू' म्हणतात. गाडी लावणे फुकट, पण त्याबदल्यात तेल, फुले आणि पूजेचे ताट त्याच दुकानातून चढ्या दराने घ्यावे लागते, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार आल्या आहेत आणि पोलिसांनी लटकूंवर वेळोवेळी कारवाईही केली आहे. फलकावर लिहिलेले पन्नास रुपये आणि न लिहिलेले पाचशे रुपये यांत कोणते शुल्क अधिक प्रामाणिक, हे येथे येणारा भाविक परतताना ठरवू शकतो. किनाऱ्यावरील गावांना या अनुभवातून घेण्यासारखे एवढेच आहे, की अधिकृत वाहनतळ नसणे म्हणजे विनामूल्य वाहनतळ असणे नव्हे.

पुण्याजवळील सिंहगडावर घाटरस्त्याच्या नाक्यावर वन विभाग स्थानिक वन व्यवस्थापन समितीमार्फत वाहनांकडून शुल्क घेतो. मे २०२२ मध्ये खासगी वाहने पायथ्याशी थांबवून विजेवर चालणाऱ्या बसने पर्यटकांना वर नेण्याचा प्रयोग झाला. परंतु बसची अपुरी संख्या व तांत्रिक अडचणी यांमुळे तो थोड्याच दिवसांत थांबवावा लागला. साताऱ्याजवळील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. तेथे फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क आणि गाड्या दूर उभ्या करून बसने नेणे या तिन्ही गोष्टी आसपासच्या गावांच्या समित्यांनी चालवल्या आहेत. केवळ शुल्क न लावता माणसांची संख्याही बांधून घेणे हे त्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले असून तेथे सर्व पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात काजव्यांच्या हंगामात, मे-जूनमध्ये, वाहनांची मोठी गर्दी होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यांवर वन विभाग प्रवेशशुल्क घेतो. तेथील अडचण थोडी निराळी आहे: काजव्यांना अंधार लागतो आणि गाड्यांचे दिवे तो घालवतात.

गोवा आणि इतर देश

गोवा शासनाने २०१३ मध्ये राज्याबाहेरील वाहनांवर सीमेवर प्रवेशशुल्क सुरू केले, तेव्हा रोज कामासाठी ये-जा करणाऱ्या सिंधुदुर्गातील नागरिकांनी त्याला तीव्र विरोध केला. २०२४ मध्ये कळंगुट पंचायतीने गावात येणाऱ्या, परंतु हॉटेलची आगाऊ नोंदणी नसलेल्या पर्यटकांवर शुल्क बसवण्याचा ठराव केला. दिवसभरासाठी येऊन कचरा करून जाणाऱ्यांना आळा घालणे हा त्यामागील सांगितलेला उद्देश होता. दोन्ही प्रसंगी आक्षेप पैशांपेक्षा अडवण्याला अधिक होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे या षट्कोनी खांबांच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर नॅशनल ट्रस्ट ही संस्था अभ्यागत केंद्र व वाहनतळ यांसाठी पैसे घेते. पायवाटेने चालत जाणाऱ्यास खडकांपर्यंत विनामूल्य जाता येते. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील डर्डल डोअर ही नैसर्गिक कमान खासगी इस्टेटीच्या जमिनीवर आहे आणि तेथेही शुल्क गाडीचे असते, माणसाचे नव्हे. 'समुद्र सर्वांचा' या आक्षेपाला या पद्धतीत उत्तर सापडते. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर वेव्हर्ली परिषदेने मीटर बसवले असून रहिवाशांसाठी परवान्याची सोय ठेवली आहे. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घेण्यास सुरुवात केली. तेथे गाड्याच नाहीत, त्यामुळे शुल्क माणसावरच बसते.

सर्वांत कडक उदाहरण हवाई बेटांतील काउआई येथील हाएना राज्य उद्यानाचे आहे. एप्रिल २०१८ मधील महापुराने तिकडे जाणारा एकमेव रस्ता वाहून गेला आणि उद्यान वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. बंद काळात रहिवाशांनी आपल्या रस्त्यावर प्रथमच शांतता अनुभवली. जून २०१९ मध्ये उद्यान पुन्हा उघडले तेव्हा दिवसाला ९०० अभ्यागतांची मर्यादा, बाहेरच्यांना वाहनतळाची आगाऊ नोंदणी सक्तीची आणि गावाबाहेरून सुटणारी बस अशी व्यवस्था लागू झाली. हवाईच्या रहिवाशांना नोंदणीची व शुल्काची अट नाही. वाहनतळ वाढवण्याऐवजी तेथे तो मुद्दाम लहान ठेवण्यात आला.